अ‍ॅल्युमिनियमच्या चाकावरचे हट्टी डाग
मोटरसायकलच्या मागच्या चाकावरचे काळे, चिकट डाग बहुधा चेनच्या वंगणाचे असतात. ते उडून रिमवर बसते आणि त्यावर आपल्या खानदेशातील काळ्या मातीची धूळ चढत जाते. साबणाला दाद न देणारे हे डाग रॉकेलने ओलसर केलेल्या फडक्याने सुटतात, मात्र रॉकेल टायरला आणि विशेषतः ब्रेकच्या डिस्कला लागू देऊ नये, तसेच चाक इंजिन बंद ठेवून हातानेच फिरवावे. फरशीचे अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा कोणी कितीही आग्रहाने सुचवला तरी वापरू नका. दोन्ही अ‍ॅल्युमिनियम खातात. जळगावच्या मे महिन्यात उन्हात तापलेले चाक सावलीत निवल्यावरच धुवावे. धातूचे पॉलिश मात्र रंग किंवा लॅकर (पारदर्शक लेप) नसलेल्या उघड्या रिमवरच लावावे.