डॉक्टरांसमोर बोलता येत नसेल तर कागद पुढे कर

देवगडकडच्या गावातून लिहिणाऱ्या मित्रा, चारचौघांत घसा कोरडा पडतो, पाच महिने कशात मन लागत नाही, आणि डॉक्टरांकडे गेलो तर तिथेही बोलावं लागेल म्हणून पाय निघत नाही, असं तू म्हणतोस. यातली शेवटची अडचण मला फार ओळखीची. मी तिच्यापायी दोन वर्षं घालवली.

शेवटी गेलो तेव्हा वहीचं पान भरून नेलं. कधीपासून, कशाची भीती, झोप, भूक. चतुर्थीत आरतीला वाडी जमली की मी मागच्या पडवीत जाऊन बसायचो, तेसुद्धा. डॉक्टरांनी ते वाचलं आणि एकेक विचारत गेले. मला हो-नाही एवढंच म्हणावं लागलं. तू जे आम्हाला लिहिलंस तेच कागदावर उतरव.

तुला जवळचं म्हणजे ओरोसचं जिल्हा रुग्णालय. आधी फोनवर बोलायचं तर टेली मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतं, मराठीतही बोलतात. आपल्याकडे ‘याला रत्नागिरीला धाडा’ म्हणतात, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, त्याची धास्ती मलाही होती. पण ओपीडीत दाखवून माणूस त्याच दिवशी घरी येतो. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

माझं आधी थायरॉईड तपासलं, मग गोळी सुरू झाली. पहिले दोन आठवडे नुसती मळमळ. फरक कळायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर धीर धर. आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नको. बोलून करायचे उपचार मला जास्त उपयोगी पडले. त्यात भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं: आधी दुकानात जाऊन नुसता भाव विचारायचा, मग बँकेत, मग आरतीला उंबऱ्याशी उभं राहायचं. झांज हातात घ्यायला मला पुढची चतुर्थी उजाडली.

आई देवाला गाऱ्हाणं घालते तर घालू दे, त्यावरून वाद नको. फक्त औषध थांबवू देऊ नकोस.

जगणंच नको असं मनात आलं तर मात्र ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही. त्याच रात्री घरातल्या कुणाला तरी उठव आणि १४४१६ लाव.

केसपेपरच्या खिडकीवर ‘मानसोपचार’ हा शब्द तोंडातून निघत नसेल तर तोही नाव, वय, गावासोबत चिठ्ठीवर लिही आणि आत सरकव. मी तसंच केलं होतं.