"एक मित्र नाही मॅडम, आमच्या माघारी याचं कसं होणार?"

ऑटिझम असलेल्या तरुण मुलांचे आईवडील माझ्याकडे सल्ल्यासाठी हा प्रश्न घेऊन येतात, तेव्हा बहुतेकदा नुकतंच घरात एखादं लग्न नाहीतर वास्तुशांत होऊन गेलेली असते.

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका कुटुंबाचंही तसंच होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलगा 24 वर्षांचा, डिप्लोमा झालेला, घरून काम करणारा. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर मावसभावाचं लग्न. डीजे, बुफेची रेटारेटी, "ओळखलंस का मला?" म्हणत पाठीवर थाप मारणारे पाहुणे. तो तीन तास हसतमुख उभा राहिला आणि घरी आल्यावर दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. आई म्हणाल्या, "तिथे किती छान वागला. घरी आल्यावरच काय बिघडलं?"

छान वागण्यातच तो संपून गेला होता. कुठे बघायचं, कधी हसायचं, आपली बोलायची पाळी कधी, हे आपल्याला आपोआप जमतं. त्याला दर वेळी विचार करून करावं लागतं, तेही कानठळ्या बसत असताना. आवाज, उजेड, स्पर्श यांचा असा त्रास हट्टीपणातून येत नाही. 2013 च्या डीएसएम-5 पासून (मानसिक निदानासाठी वापरली जाणारी अमेरिकन नियमावली) तो ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे.

मुलाशी मी एकट्याशी बोलले. कसारा घाटाचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 फूट पुढे जाताना 1 फूट वर, म्हणून इगतपुरीकडे चढणाऱ्या गाड्यांना ढकलायला मागून जादा, म्हणजे बँकर, इंजिनं लावतात, हे त्यानं मला रंगून समजावलं. मग म्हणाला, "मला माणसं नको नसतात. सगळे एकदम बोलतात, ते नको असतं."

2020 साली एडिनबरामध्ये झालेला एक अभ्यास मी आईवडिलांना सांगितला. एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट पोचवायची होती. सगळे ऑटिस्टिक असलेल्या गटानं ती ऑटिझम नसलेल्यांच्या गटाइतकीच नीट पोचवली. गट मिश्र झाला तेव्हा मात्र गोष्टीतले तपशील जास्त गळाले. म्हणजे न कळणं दोन्ही बाजूंचं असतं. मग सुधारणा एकट्या मुलानंच का करायची?

त्यामुळे समारंभांची यादी आम्ही निम्म्यावर आणली. जायचंच तर अक्षतांपुरतं, आणि त्यानं खूण केली की वडील लगेच घरी आणणार. गाड्यांचं वेड असलेला आणखी एक तरुण माझ्या ओळखीचा होता. दोघांना विचारून, दोन्ही घरांशी बोलून भेट घडवली. रविवारी सकाळी दोघं नाशिकरोड स्टेशनवर बसतात. आई पहिल्यांदा काळजीनं म्हणाल्या, "तासाभरात चार वाक्यं बोलले असतील." पण पुढच्या रविवारची वेळ त्यानंच ठरवली होती, आणि माझ्या लेखी ही मैत्रीच आहे.

आणि आईंचं काय? लोकांचे प्रश्न नकोत म्हणून त्यांनी भिशी, हळदीकुंकू सगळं सोडलं होतं. एकटेपणा त्यांच्याही वाट्याला आला होता, त्याबद्दल मात्र कुणी विचारलं नव्हतं. भिशी पुन्हा सुरू करा, हा माझा आग्रह होता.

'माघारी कोण' याचं उत्तर मित्रांवर सोडू नये. त्यासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची निरामय आरोग्य विमा योजना आहे, आणि खरोखर गरज असेल तर त्याच कायद्यानं स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो. त्या चर्चेला मी मुलालाही बसवलं. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "बँकेतल्या सह्या मीच करणार ना?" वडील म्हणाले, "तूच करणार." मग पुढच्या कागदांकडे वळलो.