प्रश्न तुमचे : पुस्तक मिटल्यावर काय उरतं?

मागच्या अंकात सहज लिहून गेले की एमबीबीएसला लागलेल्या पोरांनी पण प्रश्न पाठवा, आणि मग जी पत्रं यायला लागली ती अजून येतायत. मी बरीच वर्षं फिजिऑलॉजी शिकवली, आता कॉलेजात मागे पडलेल्या मुलांबरोबर बसते, त्यामुळे यातलं बरंचसं रोजचंच आहे. चार पत्रं घेतलीत. नावं गाळलीत.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम. गव्हर्मेंट कॉलेज मिळालं, गावात बॅनर लागला होता. पहिल्या टर्मिनलला अ‍ॅनाटॉमीत १०० पैकी ३१ पडले. खोटं नाही सांगत, रोज रात्री दोन वाजेपर्यंत वाचतो, अपर लिंब तीनदा वाचून झालंय, सगळं हायलाइट केलंय. पण पेपर हातात आला की ब्लँक. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) सर इंग्लिशमधून विचारतात, उत्तर माहीत असतं पण तोंडातून निघत नाही. रूममेट मुंबईचा आहे, फाडफाड बोलतो. घरी अजून सांगितलं नाही. मला हे झेपणारच नाही का?

उत्तर : बॅनरचं आधी सोडून दे, तो एव्हाना पावसात फाटला असेल आणि गावाला पुढचा वाढदिवस सापडला असेल.

आता एक काम कर. जुन्या कॅलेंडरचं पान घे, पाठची कोरी बाजू, आणि पुस्तक न उघडता ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हजचं जाळं, काढ. पाच मुळं, सी फाइव्ह ते टी वन. त्यांचे तीन ट्रंक, प्रत्येक ट्रंकचे पुढचा-मागचा असे दोन फाटे, त्यातून तीन कॉर्ड, मग शेवटच्या नर्व्हज. माझा अंदाज सांगू? ट्रंकपर्यंत तू सुसाट जाशील आणि फाट्यांपाशी अडकशील, तीनही मागचे फाटे मिळून पोस्टेरियर कॉर्ड होते हे आठवेल पण लॅटरल कॉर्डमध्ये कोण कोण येतं तिथे पेन थांबेल. जिथे पेन थांबलं तिथे लाल गोल कर आणि मगच पुस्तक उघड, आणि फक्त त्या गोलापुरतंच वाच. वरच्या आणि मधल्या ट्रंकचे पुढचे फाटे लॅटरल कॉर्डमध्ये, खालच्याचा पुढचा फाटा एकटाच मीडियल कॉर्ड होतो, झालं. मिट पुस्तक. उद्या सकाळी ब्रश करायच्या आधी परत कोऱ्या पानावर काढ, मग दोन दिवस सोडून, मग आठवड्याने, मग महिन्याने.

तू तीनदा वाचलंस ना, त्यात तुला काय आलं माहितीये? ते पान ओळखीचं झालं. चौकातला पानवाला जसा रोज दिसतो म्हणून ओळखीचा असतो, पण त्याचं नाव विचारलं तर सांगता येत नाही, तसं. परीक्षेत नाव विचारतात. २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक यांनी कॉलेजच्या मुलांवर हाच प्रयोग केला होता. काहींनी उतारा चार वेळा नुसता वाचला, काहींनी एकदा वाचून पुढचे तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं, आणि लिहिणाऱ्यांना ६१. तुझ्या रात्री दोनपर्यंतच्या जागरणाचा सगळा हिशोब या दोन आकड्यांत आहे. मी पण पहिल्या टर्मिनलला अशीच आपटले होते, माझ्या नोट्स पाच रंगांत होत्या आणि मैत्रिणी झेरॉक्स काढायला रांग लावायच्या, त्या पास झाल्या, मी नाही.

इंग्लिशचं. तुझ्या रूममेटला बोलायचं इंग्लिश येतं, पण अ‍ॅनाटॉमीतलं निम्मं इंग्लिश नाहीच, लॅटिन आणि ग्रीक आहे, आणि ते अंधेरीत पण कोणी बोलत नाही. सार्टोरियस हा मसल शिंप्यावरून आला, कारण जुन्या काळी शिंपी ज्या मांडी घालून बसायच्या पद्धतीने बसायचे तसा पाय वळवायला तो कामाला येतो. कॉक्सिक्स म्हणजे कोकिळेची चोच, ग्रीकांना त्या हाडात चोच दिसली, आपल्याला माकड दिसलं म्हणून आपण माकडहाड म्हणतो. अशी नावं फोडून घेतली की ती परकी राहत नाहीत. समजून मराठीतच घे, त्यात काही कमीपणा नाही. पण रोज जेवण झाल्यावर दहा मिनिटं त्याच रूममेटला समोर बसव आणि एक टॉपिक आधी मराठीत सांग, लगेच तोच इंग्लिशमध्ये, मोठ्याने. मनात बोललेलं व्हायवाला उपयोगाला येत नाही. साचा ठरवून घे : हे काय आहे, कुठून कुठे जातं, कशाला सप्लाय करतं, तुटलं तर पेशंटला काय होतं. रेडियल नर्व्ह विचारली आणि तू शेवटी "रिस्ट ड्रॉप" म्हणून स्वतःचा हात मनगटातून लोंबता करून दाखवलास तर ग्रामरकडे कुणाचं लक्ष जात नाही. एवढ्या व्हायवा घेतल्यात मी, सांगते ना.

आणि घाबरू नको, टर्मिनल ही कॉलेजची आतली परीक्षा, ती अटेम्प्टमध्ये मोजत नाहीत. फर्स्ट एमबीबीएसला चारच अटेम्प्ट आणि पूर्ण कोर्सला नऊ वर्षं हा नियम आहे, पण तो विद्यापीठाच्या परीक्षेचा. टर्मिनलचे मार्क इंटर्नलमध्ये धरतात आणि इंटर्नल कमी पडलं तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून आत्ताच जागा हो. अटेंडन्स थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागतो, तो रात्रीच्या जागरणापायी सकाळचं लेक्चर बुडवून घालवू नको. तुला कॉलेजने मेंटॉर दिलेला असेल, यादी नोटीस बोर्डावर लागली असेल आणि तू बघितली नसशील. जा त्यांच्याकडे. जाताना ते लाल गोलवालं कॅलेंडरचं पान घेऊन जा, "सर मला काही येत नाही" म्हणून गेलास तर ते तरी काय करणार, "सर इथे अडतंय" म्हणालास तर पाच मिनिटांचं काम आहे. घरी पण सांग. ३१ हा आकडा तू एकटा सांभाळत बसलायस हेच त्या आकड्यापेक्षा जड आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला आम्ही लातूरला दोन वर्षं ठेवलं होतं, तिथे नेहमी पहिल्या दहात. आता प्रायव्हेट मेडिकलला आहे, फी भरून आमचं कंबरडं मोडलंय. फिजिऑलॉजी आणि बायोकेममध्ये इंटर्नलला नापास झाला. तो म्हणतो ऑनलाइन अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन घेऊन द्या, मिसेस म्हणतात ट्यूशन लावा, एका सरांनी वर्षाचे दीड लाख सांगितलेत. पैसे कर्जाने उभे करावे लागतील. काय करावं? – सोलापूरहून एक वडील

उत्तर : कर्ज काढू नका. निदान अजून नको.

दादा, लातूरला काय चालायचं ते आठवून बघा. तिथे सर चांगले शिकवायचे हे खरंच, पण रोज, आठवड्याला, महिन्याला पेपर असायचा, रँक लागायची, कमी पडले की तुम्हाला फोन यायचा. तुमचा मुलगा शिकला त्यात त्या पेपरांचा वाटा मोठा, अन् आपण सगळं श्रेय शिकवण्याला देतो. एमबीबीएसला लेक्चर होतं, डिसेक्शन होतं, प्रॅक्टिकल होतं आणि पाच वाजता दार उघडं, कोणी मागे लागत नाही. दोन वर्षं दुसऱ्याने आखून दिलेल्या टाइमटेबलवर चाललेल्या पोराला एकदम मोकळं सोडलं तर तो मेसमध्ये गप्पा मारत बसणारच, किंवा अभ्यास करतोय असं वाटत राहील आणि काही डोक्यात शिरणार नाही. मुलगा ढ नाही, आळशी पण नसेल.

अ‍ॅपबद्दल बोलायचं तर ते वाईट नसतात, मी पण काही व्हिडिओ बघते, एकेकाचं शिकवणं फार छान आहे. पण त्यातला बराच माल 'नीट पीजी' या एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी केलेला असतो, म्हणजे चार पर्याय, त्यातला एक निवडा. विद्यापीठाचा पेपर लिहायचा असतो. फर्स्ट इयरच्या प्रत्येक विषयाचे १०० मार्कांचे दोन पेपर, त्यात मोठी उत्तरं, आकृत्या, नावं दिलेल्या रेषा. कार्डियाक सायकलवर, म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यात काय काय होतं त्यावर, अर्धा तास सुंदर अ‍ॅनिमेशन बघून पोरं माझ्याकडे येतात, मी म्हणते काढ, तर प्रेशरची लाइन काढतात आणि पहिला हार्ट साउंड कुठे येतो ते दाखवता येत नाही. बघणं आणि काढणं वेगळं आहे हो. पोहण्याचे व्हिडिओ बघून विहिरीत उडी मारायची नसते.

म्हणून आधी फुकटातलं करून बघा दोन महिने. त्याला सांगा, सिनियरकडून मागच्या काही वर्षांचे विद्यापीठाचे पेपर आण, बहुतेक हॉस्टेलच्या झेरॉक्सवाल्याकडे पण मिळतात. दर रविवारी सकाळी मोबाइल बाहेर ठेवून त्यातली दोन मोठी आणि चार छोटी उत्तरं घड्याळ लावून लिहायची. मग डिपार्टमेंटमध्ये जाऊन कुठल्यातरी ज्युनियर टीचरला दाखवायची. ट्यूटर लोकं आनंदाने बघतात, कारण त्यांच्याकडे कोणी येतच नाही. तीन-चार मित्र मिळून केलं तर अजून बरं, एकाने दुसऱ्याचं तपासायचं. तुम्ही पण एक करा : फोनवर "अभ्यास झाला का" विचारू नका, त्याला "हो" एवढंच उत्तर येतं. "या रविवारी काय लिहिलंस, कोणाला दाखवलंस" असं विचारा. तुम्हाला बायोकेम कळायची गरज नाही.

दोन महिन्यांनीही गाडी हलली नाही तर ट्यूशनचा विचार करा, पण ट्यूशन म्हणजे परत एकदा लेक्चर असेल तर दीड लाखाचं लेक्चर कॉलेजात आधीच चालू आहे. सरांना विचारा, आठवड्याला किती पेपर तपासणार. त्यांनी विषय बदलला तर समजा काय ते.

प्रश्न : मी सेकंड इयरला आहे. पास होते पण कशीबशी. एक पान वाचायला मैत्रिणींना लागतो त्याच्या दुप्पट वेळ मला लागतो, ओळ सुटते, स्पेलिंग चुकतात, शाळेत बाई म्हणायच्या हुशार आहे पण धांदरट आहे. पॅथॉलॉजीचं पुस्तक बघूनच रडू येतं. एका सिनियरने डिसलेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) म्हटलं. डॉक्टर होणाऱ्या मुलीला असं असू शकतं का? कळलं तर मला काढून टाकतील का?

उत्तर : असू शकतं, आणि असलं तरी त्यासाठी काढून टाकण्याचं कारण नाही. तुला ते आहेच असं मात्र मी पत्रावरून म्हणणार नाही, तुझ्या सिनियरने पण म्हणायला नको होतं. झोप कमी, चष्म्याचा नंबर बदललेला, डोक्यात सतत काळजी, यानेही ओळी सुटतात. पण शाळेपासूनचं आहे म्हणतेस म्हणून तपासून घे. मुंबईत सायन, केईएम, नायर या म्युनिसिपल हॉस्पिटलांमध्ये लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी होते, तू दुसरीकडे असशील तर तुझ्याच कॉलेजच्या सायकियाट्री ओपीडीत विचार, कुठे पाठवायचं ते त्यांना माहीत असतं. एका फेरीत होत नाही, टेस्ट बऱ्याच असतात, वैतागून मधेच सोडू नको.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत त्यात लर्निंग डिसॅबिलिटी पण आहे. सर्टिफिकेट मिळालं तर लेखी परीक्षेला जादा वेळ मागता येतो, सरकारी सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं. अर्ज लेखी कर, वेळेत कर, आणि पोच घे, तोंडी "बघू" वर विसंबू नको.

तपासणी होईपर्यंत पॅथॉलॉजी पहिल्या पानापासून वाचायचं बंद कर. आधी धड्याच्या शेवटचे प्रश्न बघ, आकृत्या आणि टेबलं बघ, मग त्यांची उत्तरं शोधायला म्हणून मजकुरात शीर. ओळीखाली पट्टी धर, लाज वाटू देऊ नको. मैत्रिणीला मोठ्याने वाचायला सांग आणि तू ऐकून फ्लोचार्ट काढ, तिचाही अभ्यास होतो. माझ्याकडे एक मुलगा होता, त्याने अख्खं इन्फ्लमेशन (सूज कशी येते तो धडा) भिंतीवर खडूने काढलं होतं, वॉर्डन ओरडली, पण पेपरात त्याला ते डोळे मिटून दिसत होतं. आणि रडू रोजच येत असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न : मॅडम, सिनियरने अँकीचा (प्रश्न-उत्तरांची कार्डं दाखवणारं अ‍ॅप) मोठा डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, दिला, सगळे म्हणाले हेच करायचं. आता ड्यू (करायची राहिलेली) कार्ड २,३०० झालीत, अ‍ॅप उघडायची भीती वाटते. काय करू?

उत्तर : डिलीट कर.

खरंच. म्हणजे अँकी काढू नको, तो डेक काढ. अँकी हा जपानी शब्द आहे, अर्थ पाठांतर, आणि कल्पना झकास आहे, जे विसरत आलंय तेच नेमकं समोर आणायचं. पण हे जे मोठमोठे डेक फिरतात ते बहुतेक अमेरिकेतल्या यूएसएमएलई परीक्षेसाठी बनवलेत, त्यातलं निम्मं तुला अजून शिकवलेलंच नाही, आणि जे कधी समजलंच नाही ते आठवायचं कुठून? कार्ड स्वतः बनव. आज लेक्चरला जे झालं त्यातली आठ-दहा, जास्त नाही, एका कार्डावर एकच प्रश्न. "ब्रेकियल प्लेक्सस सांगा" हे कार्ड नाही, "पोस्टेरियर कॉर्ड कशापासून बनते" हे कार्ड. सेटिंगमध्ये नवीन कार्डांचा आकडा आधीपासून २० असतो, तो १० वर आण. कॉलेजच्या बसमध्ये उरक, हॉस्टेलला पोचायच्या आत शून्य दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर दुसऱ्या दिवशी नवीन कार्ड बनवायचं नाही.

आणि सिनियरला सांगायची गरज नाही डिलीट केलं म्हणून, त्याची पण कार्डं थकलेली असतील.