द्रवातील रेणू आणि उष्णता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, मग ओला कपडा साध्या तापमानाला कसा वाळतो?

उत्तर : तापमानावरून रेणूंच्या गतिज ऊर्जेची सरासरी कळते, एकेका रेणूची ऊर्जा नव्हे. एकाच थेंबात काही रेणू मंद असतात, काही अतिशय वेगवान, आणि सततच्या टकरींमुळे ही वाटणी क्षणोक्षणी बदलत राहते. पृष्ठभागाजवळच्या एखाद्या रेणूच्या वाट्याला पुरेशी ऊर्जा आली, की शेजाऱ्यांचे आकर्षण झुगारून तो हवेत निसटतो. जाणारे रेणू सरासरीपेक्षा अधिक ऊर्जा घेऊन जात असल्याने मागे उरलेल्यांची सरासरी उतरते. मनगटावर टाकलेला स्पिरिटचा थेंब उडून जाताना त्वचेला गारवा जाणवतो तो यामुळेच. उकळणे मात्र वेगळे. तेव्हा बाष्पदाब, म्हणजे द्रवाच्या वाफेचा दाब, बाहेरच्या दाबाइतका होतो आणि द्रवाच्या पोटातही बुडबुडे टिकू शकतात.

प्रश्न : उकळत्या पाण्याखालची आच वाढवली तरी तापमान का वाढत नाही?

उत्तर : कारण ती उष्णता रेणूंचा वेग वाढवण्याऐवजी त्यांना एकमेकांपासून सोडवण्यात खर्ची पडते. एक ग्रॅम पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १०० कॅलरी पुरतात, पण त्याच पाण्याची १०० अंशांवरच वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. रेणूंमधली ओढ किती बळकट आहे, हे या दोन आकड्यांइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते. आच वाढवल्याने पाणी लवकर आटते, एवढेच.

प्रश्न : रेणू दिसत नाहीत, मग ते हलतात हे कशावरून?

उत्तर : १८२७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांना सूक्ष्मदर्शकाखाली, परागकणांतून आलेले बारीक कण पाण्यात अखंड थरथरताना दिसले. हे सजीवतेचे लक्षण असावे, ही शंका त्यांनी निर्जीव पदार्थांची भुकटी वापरून स्वतःच दूर केली. ही चिकाटी मला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते. सर्व बाजूंनी बसणारे रेणूंचे धक्के क्षणभर असमान होतात आणि कण ढकलला जातो, याचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले आणि फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झाँ पेराँ यांच्या मोजमापांनी ते खरे ठरवले. गरम पाण्यात शाई झपाट्याने पसरते, हा पुरावा म्हणून नेहमी दाखवला जाणारा प्रयोग मात्र जपून वापरावा, कारण तिथे बरेचसे काम पाण्यातले प्रवाहच करतात.

प्रश्न : तापवल्यावर द्रव अधिक सहज का वाहतो?

उत्तर : वाहताना रेणूंना शेजाऱ्यांच्या पकडीतून सुटून पुढे सरकावे लागते, आणि तापलेल्या रेणूंना ते वारंवार साधते. ८० अंशांच्या पाण्याची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, २० अंशांच्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश असते.