सांगलीत लग्नाला येतोय, मध्ये दीड दिवस मोकळा आहे. खाण्या-फिरण्यासारखं काय आहे?

तुम्ही जळगावहून येताय, लग्न फेब्रुवारीअखेर विश्रामबागेत आहे, सोबत आई-वडील आहेत आणि "सांगलीत बघण्यासारखं काही नाही, सरळ कोल्हापूर गाठा" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. हे सांगणारा बहुतेक सांगलीकरच असणार. पाहुणा आला की त्याला गाडीत घालून कोल्हापूर नाहीतर नरसोबाची वाडी दाखवून आणायची, ही आमची जुनी खोड आहे. गावात काही दाखवायचं असतं हे आमच्या ध्यानातच येत नाही.

त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. इथं चढून जायला किल्ला नाही, धबधबा नाही, सेल्फी पॉइंट तर नाहीच नाही. इथं बघायची ती माणसांची चालू कामं. हळदीचे सौदे, सतारीचे कारखाने, बेदाण्याच्या शेडी. त्यातली हळद आणि बेदाणा तुम्ही येताय त्याच दिवसांत जोरात असतात, त्यामुळे मुहूर्त चांगला साधलाय.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर गणपती मंदिर करून घ्या. सांगली संस्थानचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं, ऐसपैस आवाराचं. आई-वडिलांना बसायला जागा आहे आणि एरवीच्या दिवशी गर्दी नसते. तिथून चालत पाच-दहा मिनिटांत कृष्णेचा घाट. समोर दिसतो तो आयर्विन पूल, १९२९ सालचा. बाहेरच्याला तो नुसता पूल वाटेल, पण पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना नमस्काराच्या आधी "आयर्विनला किती फूट?" हेच विचारतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आता घाटावर उभं राहून तो आकडा मनात धरा आणि मागे वळून पेठेतल्या दुकानांकडे बघा, म्हणजे काय झालं असेल ते कळेल. फेब्रुवारीत नदी शहाण्यासारखी खाली असते. तरी पोहायला उतरू नका. या पट्ट्यात मगरी आहेत, हे गमतीनं सांगत नाही.

नाश्त्याला मिसळ. ठरावीक एक दुकान सांगत नाही, कारण त्यावरून आमच्याकडे घराघरांत भांडणं आहेत. हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ या भागात जिथं सकाळी नऊला बाहेर माणसं उभी दिसतील तिथं शिरा. मिसळीबरोबर पाव येईल असं धरून चालू नका, जाड स्लाइसचा ब्रेड येतो आणि या कटाला तोच बरा. कट वेगळा मागून घ्यायचा, फुकट मिळतो. आईंना तिखट चालत नसेल तर आधीच "कट कमी" म्हणून सांगा. वाढल्यावर सांगून उपयोग नाही.

त्यानंतर मार्केट यार्ड. लग्नाला येताय म्हणजे हळद लागणारच आहे, तर ती येते कुठून तेही बघून घ्या. रविवार सोडून जा आणि सौदे कधी निघतात ते गेटवर विचारा, कुणीही सांगेल. अडत दुकानाच्या दारात पोत्यांच्या थप्प्या, समोर नमुन्याचे ढीग. व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकत असतो. एखादा वाकतो, एक हळकुंड उचलतो आणि दोन्ही हातांच्या चिमटीत मोडतो. काड्‌कन आवाज आला तर वाळलेलं, नुसतं वाकलं तर ओल राहिलेली. मग मोडलेली बाजू उजेडाकडे धरून रंग बघतो. बाहेरून पॉलिश कितीही मारलेलं असू दे, आतला केशरी रंग लपत नाही. दोन-चार मिनिटांत बोली होते, हमाल पोत्यावर चिठ्ठी लावतो आणि घोळका पुढच्या दुकानात. हे सगळं पिवळ्या धुळीत चाललेलं असतं. पांढरा शर्ट घालून जाऊ नका. वडील शेतीतले असतील तर त्यांना तिथून हलवायला तुम्हाला कष्ट पडतील. मराठवाड्यातली, कर्नाटकातली, पार तेलंगणातली हळदसुद्धा विकायला इथं येते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण हा बाजार त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. वाटेत मध्ये मध्ये उभं राहू नका, हमालांची पाठ भरलेली असते.

यार्डातून निघालात की हरिपूरला जा, गावाला लागूनच आहे. रस्त्यात बागेतला गणपती लागतो, तिथं दोन मिनिटं थांबा. पुढे संगमेश्वराचं देऊळ, आणि देवळामागे कृष्णा-वारणेचा संगम. इथं बसा. निवांत बसायला सांगलीत यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे. आणि हळदीची पेवंही इथलीच. जमिनीत पंचवीस-तीस फूट खोल खड्डा, वरचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. त्यात हळद भरून तोंड मातीनं बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नसे. आतली हवा जीवघेणी असते म्हणून पेव उघडलं की माणूस लगेच उतरत नसे, आधी हवा खेळू द्यायची. २००५ च्या महापुरानं बहुतेक पेवं कामातून गेली. आता बघण्यासारखं फारसं शिल्लक नाही, पण पारावर बसलेल्या कुणा म्हाताऱ्याला विषय काढून द्या, तासभर ऐकायची तयारी ठेवा.

दुपारचं जेवण. मटण खात असाल तर घरगुती खानावळीत तांबडा-पांढरा. कोल्हापूरकर रागावतील, पण कृष्णेच्या अलीकडे तो काही वाईट होत नाही. शाकाहारी असाल तर अख्खा मसूर मागवा. ही इस्लामपूरकडची करामत. सालासकट मसूर, कांदा-लसूण मसाला आणि तेल, बरोबर रोटी. गावाबाहेर कुठल्याही ढाब्यावर फळ्यावर लिहिलेला असतो. भरलं वांगंही जरूर घ्या. भरताच्या गावच्या माणसाला वांग्याचं कौतुक सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, ते मान्य. पण कृष्णाकाठचं काटेरी वांगं भरून, बाजरीच्या नाहीतर ज्वारीच्या भाकरीबरोबर खा आणि मग काय ते बोला.

दुसरा अर्धा दिवस मिरजेला द्या. दहाएक किलोमीटर, सिटी बस सारख्या असतात. तुम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेसनं परतणार असाल तर सामान घेऊनच जा आणि मिरजेलाच गाडी पकडा.

मिरजेत सतारमेकर गल्ली विचारा. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी राजे-रजवाड्यांचे दिवस सरत आल्यावर वाद्यं घडवायला घेतली, त्यांचेच वंशज आजही तिथं बसलेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळालं. कारखाना म्हटलं की तुम्ही शेड शोधाल. तसं नाही, रस्त्याला लागून दहा बाय बाराची खोली असते. छताला भोपळे टांगलेले, खाली भुस्सा. हे भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात आणि खायचे नसतात, कडू असतात. जितका मोठा आणि गोल, तितका मान. तंबोरेही मर्दानी-जनानी वेगळे, गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे. नशीब असेल तर कुणीतरी जवारी काढताना दिसेल. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवला की बद्द आवाज एकदम गुंजायला लागतो. हे फोनवर ऐकून कळत नाही, समोर बसूनच ऐकायला पाहिजे. कारागीर बोलके आहेत, पण कान लावून बसलेला असताना प्रश्न विचारू नका.

तिथून ख्वाजा शमना मीरा दर्गा. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर इथं आहे. १९३७ साली ते गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात दर्ग्याच्या आवारात संगीत सभा होते. मोठमोठे गवई इथं बिदागीचा विचार न करता गायला बसतात. तुमच्या तारखांना उरूस आला तर कोल्हापूर-बिल्हापूर सगळं विसरा.

संध्याकाळचं खाणं म्हणजे भडंग. चुरमुरे, तळलेले शेंगदाणे, भरपूर लसूण, कढीपत्ता, लाल मसाला. पाकिटातलं घरी न्यायला ठीक, इथं मात्र गाड्यावर ताजा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू पिळून खा. सोबत मिरची. विश्रामबागेत उतरलाच आहात तर शंभर फुटी रोडवर संध्याकाळी गाड्यांची रांग असते, पोरंटोरं सगळी तिथंच. मला स्वतःला तिथला गोंगाट सोसत नाही, मी आमराईच्या बाजूला जातो. पिण्याचं विचारलंत, तर दुपारी रसवंतीवर उसाचा रस, आलं-लिंबू घालून. रात्री दूध कोल्ड्रिंक. नावावर जाऊ नका, ते घट्ट, गार, गोड दूध असतं आणि जेवणानंतर पोटात कुठंतरी जागा होतेच. "दुसरं" पिणं विचारलं असेल तर त्यासाठी लग्नातली मित्रमंडळी समर्थ असतील.

पहिली संध्याकाळ मोकळी असेल तर विष्णुदास भावे नाट्यमंदिरात प्रयोग आहे का बघा. मराठी नाटकाची सुरुवात १८४३ साली सांगलीत झाली याचा आम्हाला अजून माज आहे, आणि प्रेक्षकही तसाच आहे. फालतू विनोदाला हसत नाही.

सागरेश्वर अभयारण्य, दंडोबाचा डोंगर, तासगावचं गोपुराचं गणपती मंदिर ही सगळी चांगली ठिकाणं आहेत, पण दीड दिवसात कोंबू नका. अपवाद वाडीचा. आई-वडिलांना दत्ताचं दर्शन घ्यायचंच असेल तर साधारण वीस किलोमीटरवर आहे. पहाटे निघा, बासुंदी खा, कवठाची बर्फी बांधून घ्या आणि दहाच्या आत परत या, म्हणजे सौदे चुकणार नाहीत.

न्यायचं काय? बेदाणा. नवा माल नुकताच शेडीतून यायला लागलेला असतो. गणपती पेठेत पाव-पाव किलोचे दोन-तीन नमुने चाखून घ्या, दुकानदार नाही म्हणत नाहीत. फार चकचकीत पिवळ्याच्या मागे लागू नका, चावल्यावर आंबटगोड लागतो तो घ्या. हळद घ्यायची तर पूड नको, हळकुंडं घ्या आणि जळगावला दळून आणा. एक मोडून बघा, आता तुम्हाला येतंय.