गाडीखाली पेपर पसर

नौपाडा, ठाणे
श्रावणातला रविवार

अगं मुली,

अनेक आशीर्वाद.

काल तू जिप्सी घेऊन आलीस तेव्हा आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा खुर्ची सोडून बघायला आला. माझं लक्ष मात्र गाडीपेक्षा तुझ्या मोबाइलमधल्या यादीकडे होतं. गाडी दोन इंच उंच करणारा लिफ्ट, मोठे टायर, पुढे लोखंडी गार्ड, अडकलेली गाडी ओढायची विंच, टपावर दिव्यांची पट्टी. तुझ्या बाबांसमोर मी काही बोललो नाही. "एवढ्या पैशात चांगली ऑटोमॅटिक आली असती," हे त्यांचं दोनदा म्हणून झालं होतं, त्यात माझं तेल कशाला? म्हणून हे पत्र. तोंडी सांगितलं असतं तर निम्मं तू विसरली असतीस आणि उरलेलं कुठल्या तरी मेकॅनिकने विसरायला लावलं असतं.

ती यादी आधी पुसून टाक. ही गाडी तुला रविवारी मिरवायला नकोय, कसारवडवलीहून ऐरोलीला रोज कामावर जायला हवीय. मग ती कारखान्यातून निघाली तशीच राहू दे आणि आठवड्यातून एकदा तिच्याखाली वाकून बघ. माझं सांगणं एवढंच. बाकी सगळा त्याचा विस्तार.

मोठ्या टायरांचंच घे. टायर मोठा झाला की गिअरिंग बदलतं, मग चढावर तिसऱ्यात जाणारी गाडी दुसरा मागते. स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. ब्रेक मात्र तेवढेच राहतात. आणि पॉवर स्टेअरिंग नाही, हे काल पार्किंग करताना तुझ्या खांद्यांना कळलंच असेल. गार्डवर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरपासून बंदी घातलेली आहे. मूळ रचनेत फेरफार केलेल्या गाडीची नोंदणी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत सांगितलंय. आरटीओत उभी राहशील तेव्हा ही यादी तुझ्याच अंगावर येईल.

आता गाडीबद्दल. मारुतीने जिप्सी १९८५ च्या अखेरीस आणली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं छोटं इंजिन होतं. १९९६ मध्ये १.३ लिटरची 'किंग' आली आणि २००० मध्ये ती कार्ब्युरेटर सोडून एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनने पेट्रोल सोडणारी, झाली. तुझी १९९८ ची, म्हणजे किंग, पण कार्ब्युरेटरवाली. मला विचारशील तर बरंच झालं. बिघडलं तर डोळ्यांना दिसतं आणि स्क्रू ड्रायव्हरने सुटतं. इंजिन एस्टीमच्याच घराण्यातलं आणि लष्कराने जिप्सी हजारोंनी वापरल्या, त्यामुळे यांत्रिक सामानाची चिंता नको. रबराच्या पट्ट्या, हँडल, डॅशबोर्डाचं प्लॅस्टिक, असली शोभेची वस्तू मात्र मोडू नकोस. ती शोधण्यात महिने जातात.

इंजिनाला सगळेच जपतात. ही गाडी मरते ती पत्र्याने. काल तू कौतुकाने दाखवलंस, "काका, खालून पूर्ण काळं कोटिंग केलेलं आहे." मला तीच धास्ती वाटली. गंजावरून डांबरासारखा थर मारला की वरून गुळगुळीत दिसतं आणि आत गंज निवांत खात बसतो. एक जुना स्क्रू ड्रायव्हर घे आणि मुठीच्या बाजूने पत्रा ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक. भद्द आवाज आला की टोक लावून दाब. गाडीत पाय ठेवतेस तिथला तळाचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, बॉडी चेसिसवर बसते तिथले कोपरे आणि काचेच्या फ्रेमचा खालचा भाग, या जागा आधी बघ. आतलं स्पंज लावलेलं कार्पेट आजच काढून टाक. ठाण्याच्या पावसात ते जूनमध्ये भिजतं आणि दिवाळीपर्यंत सुकत नाही, वर खाडीची खारी हवा आहेच. साधी रबरी मॅट टाक, ती रोज उचलून झटकता येते.

साठच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं म्हणालीस. तुला कुणी तरी स्टेअरिंगचा डॅम्पर बदलायला सांगितलंय. नवा डॅम्पर टाकलास तर महिनाभर थरथर थांबेल, कारण तो दुखणं दाबून धरतो, बरं करत नाही. आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घे. तरी थांबलं नाही तर पुढचं एक चाक जॅकवर उचल, जॅकच्या जोडीला स्टँड लावायला विसरू नकोस. चाक वर आणि खाली धरून हलव. खटखट लागली तर व्हील बेअरिंग ढिलं आहे किंवा किंगपिनचं, म्हणजे ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचं. दोघांतलं कोणतं ते ओळखायची युक्ती आहे. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेकने डिस्क जखडली जाते, त्यामुळे व्हील बेअरिंगचा खेळ हाताला लागत नाही. तरीही हललं तर किंगपिन. मग डावी-उजवी बाजू धरून हलव, तिथे खेळ निघाला तर बहुतेक टाय रॉडचं, म्हणजे स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीचं, टोक गेलंय. हे पाच मिनिटांचं काम आहे. ते केल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नकोस.

फोर व्हीलच्या त्या छोट्या लिव्हरबद्दलही ऐक, कारण तू ती काल सोसायटीच्या कोरड्या काँक्रीटवर ओढून दाखवलीस. मी ओरडलो का, ते आता सांगतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. तुझ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये, दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही, त्यामुळे फोर व्हील टाकलं की दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. चिखलात टायर थोडे घसरून तो फरक पचवतात. कोरड्या रस्त्यावर टायर घसरत नाहीत, मग तो पीळ शाफ्टांत आणि ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीत, साठत जातो. लिव्हर नंतर सुटेना, आठवतंय? तो पीळच तो. फोर व्हील भिजल्या मातीत वापर, कोरड्या डांबरावर आणि काँक्रीटवर कधीच नाही. पण विसरूनही जाऊ नकोस. महिन्यातून एकदा ओल्या, भुसभुशीत जागी पुढच्या चाकांचे हब, म्हणजे मधली बोंडं, लॉक करून पाऊण-एक किलोमीटर चालव, म्हणजे पुढच्या भागांना तेल पोचतं. त्यासाठी येऊरला मात्र जाऊ नकोस. ते राष्ट्रीय उद्यान आहे, चिखल उडवायचं मैदान नाही.

तेल बदलायला गेलीस की विचार, "गिअरबॉक्सचं झालं, ट्रान्सफर केसचं?" ती वेगळी पेटी आहे, तिचं तेल वेगळं. साध्या गाड्या करणाऱ्या मुलांच्या हे लक्षात राहत नाही आणि ती बिचारी वर्षानुवर्षं जुन्या तेलावर फिरत राहते. टायमिंग बेल्टचंही तसंच. आधीच्या मालकाने "बदललाय" असं तोंडी सांगितलं असेल तर बदललेला नाही असं धर आणि बदलून टाक.

आता माझी एक फजिती. माझी पहिली जिप्सी होती तेव्हाची गोष्ट. क्लचच्या वायरला एका टोकाला दोन-तीन तारा सुटलेल्या मी स्वतः बघितल्या होत्या. "पुढच्या सर्व्हिसला बघू" म्हणून सोडून दिलं. पुढच्याच आठवड्यात सकाळी नऊच्या सुमारास, तीन हात नाक्याच्या सिग्नलवर, पेडल पायाखाली एकदम रिकामं झालं. मागून हॉर्नचा वर्षाव. घाम फुटला, मग आमच्या जुन्या मिस्त्रींचं बोलणं आठवलं. इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला आणि चावी फिरवली. गाडीने एक गचका खाल्ला आणि स्टार्टरच्या जोरावर चालू लागली. पहिल्यातून दुसऱ्यात क्लचशिवाय जाताना आवाजावर कान ठेवला, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच सोडला आणि गिअर मागेल तेव्हाच आत ढकलला. दर सिग्नलला पुन्हा इंजिन बंद, पहिला गिअर, चावी, गचका. अशी वागळे इस्टेटपर्यंत नेली. हे एखाद्या मोकळ्या मैदानात दोन वेळा करून बघ, जास्त नको, स्टार्टरचे हाल होतात. आणि क्लचची वायर, फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज, पॉइंट-कंडेन्सर नाही तर तुझ्या डिस्ट्रिब्युटरला जे लागत असेल ते, हे सगळं एका पिशवीत बांधून सीटखाली ठेव. माझी ती पिशवी अजून आहे. त्या दिवसापासून वायर एकदाही तुटली नाही, ते सोड.

घोडबंदर रोडच्या गर्दीत काटा वर चढतो म्हणालीस. या गाडीचा पंखा इंजिनावरच्या पट्ट्याने फिरतो. गाडी उभी राहिली की इंजिन मंद होतं आणि त्याबरोबर पंखाही, म्हणजे हवेची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ती कमी मिळते. रेडिएटर काढून साफ करून घे, पट्टा ताणून घे, पंख्याचा क्लच तपासून घे. कुणी "थर्मोस्टॅट काढून टाकतो मॅडम, कधीच गरम होणार नाही" म्हणालं तर चावी परत घे आणि घरी ये. थर्मोस्टॅट नसला की इंजिन पुरेसं तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि तेलाचा गाळ होतो.

पेट्रोलवरून आठवलं. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. तुझी गाडी ज्या काळात बनली तेव्हा याचा कुणी विचारही केला नव्हता. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, ठिसूळ करतं. सगळे पेट्रोलचे पाइप आणि पंपाचं डायफ्रॅम नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घाल. हे मात्र लांबणीवर टाकू नकोस, गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे खेळ नव्हे. इथेनॉल हवेतली ओलही ओढून घेतं, तेव्हा पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठवडाभर उभी करू नकोस. मायलेजची तक्रार माझ्याकडे आणू नकोस. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, आणि तुझी गाडी आकाराने हवेशी भांडणारी. शहरात लिटरला नऊ-दहा मिळाले तर पेढे वाट.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनीच वाढते, तुझ्या पुस्तकात २०१३, २०१८ आणि २०२३ ची नोंद असली पाहिजे. पुढची २०२८ ला. वीस वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी दहा हजार झाली आहे, पर्यावरण कर वेगळा, तेव्हा दर महिन्याला थोडे बाजूला टाक. दिल्लीच्या दहा-पंधरा वर्षांच्या नियमाने तुझे बाबा घाबरले असतील तर सांग, तो तिकडचा. आणि 'व्हिंटेज करून घे' असा सल्ला देणारा भेटलाच, तर हसून सोड. त्याला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे २०४८, आणि व्हिंटेज नंबर लागला की रोज रस्त्यावर आणायची मुभाच जाते.

पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं. गाडी उंच आहे म्हणून त्यात घालायचा मोह होईल. पाणी चाकाच्या मधल्या बोंडापर्यंत आलं तरी ॲक्सलमधलं तापलेलं डिफरन्शियल अचानक गार होतं आणि हवा जायच्या ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढतं. मग उघडल्यावर आतून चहासारखं दुधाळ तेल निघतं. तिथे पाणी असेल त्या दिवशी सरळ मुलुंडवरून ऐरोलीच्या पुलाने जा, टोलही आता लागत नाही. चुकून गेलीसच, तर बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चालव, मागचे ड्रम सुकतील, आणि त्याच आठवड्यात तेलं बघून घे.

पुढच्या रविवारी ये. आपण खाली झोपून सगळं बघू. शनिवारी रात्री गाडी सपाट जागी लाव, उतारावर नको, आणि खाली पुढून मागपर्यंत जुने पेपर पसरून वर दगड ठेव. सकाळी ज्या बाजूला इंजिन, त्या बाजूला पेनने बाण काढ आणि सगळे डागांसकट घेऊन ये. काळा पातळ डाग इंजिनाच्या तेलाचा. दाट आणि गंधकासारखा घाण वास येणारा गिअर ऑइलचा. हिरवा किंवा नारिंगी पाणचट असेल तर कूलंट. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस आणि तेलाचा काळा लगदा पडला असेल तर नकलचं, म्हणजे चाक वळतं त्या सांध्याचं, सील गेलंय. चाकापाशी पातळ, बुळबुळीत, रंग उडवणारं काही दिसलं तर मात्र गाडी अजिबात काढू नकोस, ते ब्रेकचं तेल. मला फोन कर, मीच येईन.

जुने कपडे घालून ये. काकूने थालीपीठ करायचं ठरवलंय.

तुझा,
काका