ओत्रांतोला समुद्राशिवाय पाहण्यासारखं काय आहे?

दक्षिण इटलीतल्या लेच्चेत तीन दिवस आहात, त्यातला एक जवळच्या ओत्रांतो या किनाऱ्यावरच्या गावाला द्यावा का आणि किनारा सोडला तर तिथे आहे काय, असं तुम्ही विचारलंय. खुशाल द्या. किनारे त्या टापूत पायलीला पन्नास मिळतील. ओत्रांतोला जायचं ते कॅथेड्रलची जमीन बघायला.

हो, जमीनच. ११६३ ते ११६५ या काळात पांतालेओने नावाच्या धर्मगुरूने दारापासून पार पुढपर्यंत रंगीत खड्यांचं मोझेक घातलंय. मधोमध एक लांबच लांब झाड, आणि ते तोलून धरलंय दोन हत्तींनी. (कारागिराने हत्ती प्रत्यक्ष पाहिला नसावा, अशी शंका आपल्यासारख्यांना लगेच येते.) फांद्यांच्या आजूबाजूला बायबलमधला बाबेलचा मनोरा, नोहाच्या तारवासाठी लाकूड कापणारे सुतार, दोन ग्रिफिनांच्या (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेल्या काल्पनिक प्राण्यांच्या) जोरावर आकाशात निघालेला सिकंदर. आणखी वर चक्क ब्रिटनच्या दंतकथांमधला राजा आर्थर, शेजारी नाव लिहिलेलं. अकराव्या शतकात उत्तर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी हा मुलूख बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याकडून घेतला. आर्थरच्या गोष्टी त्यांच्यासोबतच आल्या असाव्यात. मला सगळ्यात आवडली ती बारा महिन्यांची वर्तुळं. प्रत्येकात एक रास आणि त्या महिन्यातलं काम: कापणी, द्राक्षं तुडवणं, असं. राशी त्याच असल्याने आपल्याला गाईड लागत नाही.

उजवीकडच्या चॅपलमध्ये मात्र काचेच्या कपाटांत कवट्या आणि हाडं रचलेली आहेत. सोबत लहान मुलं असतील तर आधी सांगून ठेवा. जुलै १४८० मध्ये गेदिक अहमद पाशाचं ऑटोमन तुर्कांचं आरमार इथे उतरलं, दोन आठवड्यांत शहर पडलं, आणि १४ ऑगस्टला मिनर्व्हाच्या टेकडीवर सुमारे आठशे पुरुषांची कत्तल झाली. धर्म बदलायला नकार दिला म्हणून, असं चर्च सांगतं. कारणाबद्दल इतिहासकारांत वाद आहेत. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या सगळ्यांना संत घोषित केलं. कत्तलीच्या पुढच्याच वर्षी, १४८१ मध्ये, ऑटोमन सुलतान मेहमेद दुसरा वारला आणि शहर पुन्हा नेपल्सच्या राज्याकडे आलं.

आज दिसतो तो किल्ला या धक्क्यानंतरचा. तोफांचा मारा झेलायला जाडजूड गोल बुरूज, खाली खंदक. गडकोट फिरलेल्या माणसाला तो पाहायला फार वेळ लागत नाही. याच किल्ल्याचं नाव घेऊन अठराव्या शतकात इंग्रजीत एक भयकादंबरी गाजली, पण तिचा लेखक इथे कधी फिरकलाच नव्हता.

सान पिएत्रो हे चिमुकलं बायझंटाइन चर्च चुकवू नका. आतल्या भित्तिचित्रांवर ग्रीक अक्षरं आहेत. वाहन असेल तर पुंता पालाशियाचं दीपगृहही करा. इटलीचं हे सर्वांत पूर्वेकडचं टोक; हवा स्वच्छ असली तर पलीकडे अल्बेनियाचे डोंगर दिसतात. बॉक्साइटच्या बंद खाणीतलं हिरवं तळं फोटोपुरतं ठीक.

लेच्चेहून रेल्वेने येणार असाल तर बहुधा माल्येला गाडी बदलावी लागते. रविवार शक्यतो टाळा, आणि सकाळीच पोहोचा. दुपारी कॅथेड्रल बंद असतं.